बाटलीच्या तळाची पूड

मला राग लवकर येतो. घरचे म्हणतात, हिच्या नाकावर माशी बसायची सोय नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यातला निम्मा वाटा माझ्या तोंडाचा आहे. उरलेला निम्मा माझ्या गप्प बसण्याचा.

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी पीएच.डी. करत होते. विषय पेरोव्स्काइटचा, म्हणजे नव्या प्रकारच्या सोलर सेलमध्ये जो प्रकाश शोषणारा थर असतो, त्याचा. शेजारच्या काकूंना हे नाव कधी उच्चारता आलं नाही. त्या विचारायच्या, "तुझं ते काळं झालं का गं?" आणि खरं सांगू, याहून नेमका प्रश्न मला कुणीच विचारला नाही.

कारण सगळा खेळ काळ्याचा होता. काचेच्या तुकड्यावर द्रावणाचे थेंब टाकायचे, काच गरगर फिरवायची आणि मग तापलेल्या हॉटप्लेटवर ठेवायची. बघता बघता थर काळा होतो. काळा झाला तर तो ऊन पितो आणि वीज देतो. पण तोच थर नंतर थंड झाल्यावर पिवळा पडू शकतो, आणि पिवळा पडला की तो मेला. गंमत अशी, गंमत कसली, मला तर पहिल्यापासून त्याची धास्तीच वाटायची, की काळ्यात आणि पिवळ्यात पदार्थ तेच असतात. शिसं, आयोडीन आणि फॉर्मामिडिनियम नावाचा एक धिप्पाड आयन. कमी नाही, जास्त नाही. शिशाभोवती सहा आयोडीन जमून एक ठोकळा होतो. असे ठोकळे कोपऱ्याला कोपरा लावून उभे राहिले की मधे पोकळी राहते आणि त्या पोकळीत तो धिप्पाड बसतो. तसा बसला तर काळा. पण ती जागा त्याला अंमळ अपुरी आहे. गरम असताना कसाबसा मावतो, थंड झाला की अवघडतो. मग ठोकळे आपले कोपरे सोडतात, एकमेकांच्या अंगाला अंग लावून रांगा करतात आणि सगळं पिवळं पडतं.

यावर उपाय जगाला माहीत होता. त्या धिप्पाडाच्या जागी मधूनमधून सिझियम बसवायचा. सिझियम लहान, त्यामुळं सरासरी जमते आणि काळा थर टिकतो. पण आमच्या सरांना, म्हणजे माझ्या गाईडना, सिझियम नको होता. सरांचं म्हणणं, खरा शत्रू दमटपणा. आपल्याकडं हवा अशी कोरडी की ओठ फुटतात, तर या हवेतच, थरात दुसरं काही न मिसळता, काळा थर टिकवून दाखवू. त्यांना गावाचा अभिमान होता आणि मला पदवीची घाई होती.

लॅबमध्ये आम्ही तिघंच. सर, मी आणि मामा. मामा म्हणजे आमचे अटेंडंट, वैरागकडचे. एकोणीस वर्षं रोजंदारीवर होते. काचा धुणं, सिलिंडर बदलणं, कूलरमध्ये पाणी भरणं, सगळं त्यांच्याकडं. संस्था रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी दरवर्षी करायची आणि दरवर्षी मामांचं नाव पुढच्या वर्षावर जायचं. आता मात्र त्यांचं वय पुढच्या वर्षी अटीत बसणार नव्हतं. म्हणजे या यादीत नाव आलं तर आलं. मामा रोज सकाळी टेबल पुसता पुसता म्हणायचे, "ताई, औंदा बगा. औंदा न्हाय तर मग कायबी न्हाय." मी म्हणायची, "होणार हो मामा, तुमच्याशिवाय ही लॅब चालते का?" मनापासून म्हणायची, हेही खरं.

आता बाटलीचं सांगते.

फॉर्मामिडिनियम आयोडाइडची पांढरी पूड तपकिरी बाटलीत यायची. माझ्या आधीचा एक संशोधक पीएच.डी. करून कोरियाला गेला होता आणि त्याच्या वेळची एक बाटली कपाटात होती. तळाला बोटभर पूड उरलेली. माझ्या चौथ्या वर्षी थंडीत नवा माल पाकिटातून आला. मी ती जुनी बाटली घेतली. झाकण चिरलेलं होतं, ते टाकून दिलं. मामांनी बटर पेपरचं नरसाळं करून धरलं आणि मी नवी पूड जुन्या पुडीवर ओतली.

का ओतली? कोणत्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकात असलं करायला सांगत नाहीत. उलट करू नका असं सांगतात, आणि मी स्वतः बीएस्सीच्या मुलांना तेच शिकवत होते. पण आमच्या घरात डबा कधी खडखडीत रिकामा करत नाहीत. ज्वारी असो, साखर असो, मीठ असो, तळाशी मूठभर ठेवायचं आणि नवं त्याच्यावर ओतायचं. रिकाम्या डब्यात भरलं तर बरकत जाते. लहानपणापासून हाताला तेच वळण. त्या दिवशी डोकं दुसरीकडं होतं आणि हातानं त्याचं काम केलं. मामाही खूश झाले. म्हणाले, "ब्येस केलंसा ताई. डबा रिता ठिवू ने."

त्या बाटलीनं मला डोक्यावर बसवलं. थर असे काळे की त्यात तोंड बघावं. आठवडा गेला, महिना गेला, उन्हाळा गेला, पावसाळासुद्धा गेला, तरी काळे. सर प्रत्येक सोमवारी काचा खिडकीपाशी धरून बघायचे आणि स्वतःशीच हसायचे. पेपर लिहिला, तो छापून आला. कोरड्या हवेत, सिझियमशिवाय टिकलेला काळा थर. माझं नाव पहिलं, सरांचं शेवटचं. मामांचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

एकच गोष्ट खटकायची. थराची रचना तपासायला आम्ही एक्स-रेचा आलेख काढायचो. त्यात काळ्या थराचं एक उंच शिखर येतं, कोनाच्या अक्षावर चौदा अंशांच्या जरा अलीकडं. माझं शिखर दर वेळी जरा पलीकडं यायचं. कधी थोडं, कधी त्याहून थोडं जास्त. आता नमुना यंत्रात किंचित वरखाली बसला तरी शिखर सरकतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं मी काय करायची, तर सॉफ्टवेअरमध्ये ते शिखर उचलून पुस्तकातल्या जागी आणून ठेवायची. सगळेच करतात. मी सव्वा वर्ष केलं, आणि आलेख कसे छान एकाखाली एक जुळायचे.

प्रबंध दिला. बाहेरच्या एका परीक्षकानं अहवालात लिहिलं, की काम चांगलं आहे, पण तोंडी परीक्षेच्या वेळी नव्यानं केलेले नमुने बघायला आवडतील. मला हसू आलं. म्हटलं, नमुने काय, हवे तितके बघा.

त्याच सुमाराला कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून साफसफाई निघाली. जुन्या बाटल्या काढा, प्रत्येकीवर नवं लेबल लावा. माझी बाटली जवळजवळ संपत आली होती. तळाला तेवढीच बोटभर. मीच ती मामांच्या हातात दिली आणि सांगितलं, धुऊन टाका. मामा बाटली घेऊन जरा थांबले. "ताई, थोडं ठिवायचं न्हाय व्हय?" मी वैतागलेच. म्हटलं, "मामा, समिती येतीय. बरकत नंतर बघू." ते गेले आणि बाटली धुऊन उलटी टाकली.

मे महिन्यात नवी सीलबंद बाटली फोडली. पहिल्या काचा नेहमीसारख्या काळ्या झाल्या. शनिवारी दुपारी मी त्या डबीत ठेवून घरी गेले. सोमवारी आले तर एका काचेच्या कोपऱ्यात तिळाएवढा पिवळा ठिपका होता.

मला वाटलं हात लागला असेल. दुपारी तो ठिपका हरभऱ्याएवढा झाला. संध्याकाळी निघताना दुसऱ्या काचेवर दोन आले. मी ती काच परत हॉटप्लेटवर ठेवली. पिवळं पुन्हा काळं झालं आणि मी मोठ्यानं "हं!" केलं. मंगळवारी सकाळी ते परत पिवळं होतं, आणि आता कडेपासून मधे सरकत होतं. मी द्रावण नवं केलं, काचा नव्या घेतल्या, तापमान वाढवलं. प्रत्येक वेळी तेच. लॅबमध्ये आल्या आल्या डबी उघडायचं धाडस होईना. आधी पर्स ठेवायची, पाणी प्यायची, पंखा लावायची आणि मग एका डोळ्यानं बघायची. पिवळं. रोज कालच्यापेक्षा थोडं जास्त पिवळं. शेजारच्या खोक्यात सव्वा वर्षापूर्वीच्या काचा मात्र तशाच काळ्या कुळकुळीत बसलेल्या, जणू त्यांचा याच्याशी काही संबंधच नाही.

सरांना सांगावं लागलं. त्यांनी काच खिडकीपाशी धरली, आणि त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बाटलीत पाणी गेलंय."

"सर, मे महिना आहे. पाणी येणार कुठून?"

सरांनी नुसतं बोट केलं. टेबलासमोर कूलर चालू होता. फर्रर्र फर्रर्र ओली हवा टेबलावर येत होती. कूलरमध्ये पाणी कोण भरतं, मामा. लॅब बंद कोण करतं, मामा. "झाकण नीट लागलं नव्हतं. शनिवार-रविवार बाटली कूलरसमोर उघडी राहिली. दुसरं काही असूच शकत नाही."

सरांना दुसरं काही परवडणारच नव्हतं, हे मला आज कळतं. पहिल्या काचा तर शनिवारी, बाटली उघडी राहण्याआधीच केल्या होत्या, हे दोघांपैकी कुणीच काढलं नाही. त्या दिवशी मला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. माझा हात चुकला नाही, माझी रीत चुकली नाही. झाकण, कूलर आणि मामा. नाचता येईना अंगण वाकडं, तसं अंगण मला आयतं मिळालं. सरांनी कागद पुढं केला. बाटलीचे झाकण सैल आढळले, असं काहीसं लिहिलं होतं. सोमवारी झाकण सैल होतं का? मला आठवत नव्हतं. मी सही केली.

मामांना मेमो गेला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यापाशी आले. हातात तो कागद. आवाज चढलेला नव्हता, पण टोपी काढून हातात धरली होती, आणि मामा टोपी कधी काढत नसत. म्हणाले, "ताई, झाकन म्या लावलं हुतं. आवळून लावलं हुतं. आन् तुमाला म्हाईत हाय."

"मला काय माहीत, मामा? मी तर घरी गेले होते."

"मग सही कशी केलीसा?"

मी काचांची डबी उघडून बघायला लागले. मग ते म्हणाले, "ह्ये पान्याचं न्हाय. मागल्या येळी तुमी जुन्यावर नवं वतलं हुतं. म्या कागद धरला हुता. ह्या येळी बाटली धुवाया लावलीसा. इरजानच न्हाय तर दही लागंल कसं?"

काय सांगू, माझं डोकंच फिरलं. बारा दिवस पिवळं बघून बघून मी आधीच पेटलेली, त्यात हे विरजण. "मामा, हे केमिकल आहे, दूध नाही! त्या बाटलीत काय असतं ते तुम्हाला कळतं का? उगाच आपलं काहीतरी! एक तर चूक करायची आणि वर मला शिकवायचं!"

शेजारच्या लॅबमधली मुलं दारात येऊन बघायला लागली. मामांनी टोपी घातली. म्हणाले, "मला कळत न्हाय, व्हय. म्या आपलं जे बगितलं त्ये बोललो." आणि काचा धुवायला गेले.

मेमोच्या उत्तरात त्यांनी क्लार्ककडून तेच लिहून घेतलं. आधीची बाटली ताईंनी जुन्यावर भरली होती. सरांनी मला बोलावून विचारलं, हा काय प्रकार? मी म्हटलं, "भरली होती सर, पण त्याचा आणि झाकण उघडं राहण्याचा काय संबंध?" सर म्हणाले, "तेच म्हणतो मी." आणि तो विषय तिथं संपला. माझं वाक्य खोटं नव्हतं. आजही त्यात खोटा शब्द सापडणार नाही.

पण ते विरजण माझ्या डोक्यातून जाईना. भांडी घासताना, स्कूटीवर, दळण आणायला गेले तरी. शेवटी जूनच्या मधे एका दुपारी मी कोरियातल्या त्या जुन्या संशोधकाला मेसेज टाकला. सहज विचारते, तुझ्या त्या बाटलीत फक्त फॉर्मामिडिनियमच होतं ना? तासाभरात उत्तर आलं. "अगं नाही! त्यात मी सिझियम आयोडाइड मिसळून ठेवलं होतं, रोज वजन करायचा कंटाळा म्हणून. झाकणावर लिहिलं होतं की."

झाकण. चिरलेलं, मी टाकून दिलेलं झाकण.

मी उठले, नव्या बाटलीतली पूड घेतली, त्यात चिमूटभर सिझियम आयोडाइड टाकलं आणि थर केला. काळा. एक्स-रे काढला. शिखर चौदाच्या जरा पलीकडं. मी जुने आलेख उघडले, दुरुस्त न केलेले, यंत्रातून आले तसे, आणि एकावर एक ठेवले. बरोब्बर तिथंच. लहान सिझियम आत बसला की सगळी रचना किंचित आकसते आणि शिखर पलीकडं सरकतं. सव्वा वर्ष ते शिखर मला सांगत होतं, की बाई, मी शुद्ध नाही, माझ्यात दुसरं कुणी आहे. आणि सव्वा वर्ष मी त्याला कान धरून जागेवर बसवत होते. कधी थोडं, कधी जास्त सरकायचं तेही आता कळलं. पूड नीट मिसळलेली नव्हती, दर चमच्याला प्रमाण वेगळं येत होतं.

म्हणजे नवी बाटली उत्तम होती. तिला पाणी लागलंच नव्हतं. शुद्ध होती म्हणून पिवळी पडत होती. मामांनी झाकण लावलं होतं, आणि आवळून लावलं होतं.

संस्थेची बैठक अकरा दिवसांवर होती. माझी तोंडी परीक्षा तिच्यानंतर आठ दिवसांनी.

आणि यातली खरी मेख अशी, की परीक्षकाला नवे काळे नमुने दाखवता येत नव्हते, म्हणून सरांनी एक तोड काढली होती. जुने नमुने दाखवायचे आणि नवा माल दमटपणानं खराब झाला असं सांगायचं. पुरावा म्हणून मामांचा मेमो माझ्या फाईलीत जोडला होता. मेमो खोटा, असं मी म्हटलं की माझा प्रबंध खोटा. पाच वर्षं. घरात माझ्यासाठी धाकटीचं लग्न थांबलेलं. आईनं शेजारणींना आधीच डॉक्टर म्हणून सांगून ठेवलेलं.

मी स्वतःला रोज सांगायची, उद्या बोलते. सकाळी मामा टेबल पुसायचे. आता औंदा बगा म्हणायचे नाहीत. नुसतं पुसायचे. माझ्या टेबलाच्या कडेला येऊन फडकं जरा थांबायचं आणि मग पुढं जायचं. मी मान वर करायची नाही. मला, जिची जीभ सगळ्या कॉलेजला माहीत, त्या मला त्या अकरा दिवसांत एक वाक्य बोलता आलं नाही. रोज एक दिवस कमी व्हायचा आणि मला आतून चक्क बरं वाटायचं, की आता फार दिवस उरले नाहीत. हे लिहितानासुद्धा माझी मला शिसारी येते.

बैठक झाली. यादीत मामांचं नाव नव्हतं. मेमो असलेल्यांना रोजंदारीवरही ठेवू नये असा ठराव झाला. ऑगस्टपासून ते यायचे बंद झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्या काचा धुऊन, पुसून, मापाप्रमाणं रचून ठेवल्या होत्या. मी त्या दिवशी रजा टाकली होती.

तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी काळे नमुने हातात घेऊन वा वा केलं. मेमो वाचून एक जण म्हणाले, "अटेंडंट लोकांचं असंच असतं." मी मान हलवली.

पदवीचं पत्र हातात आल्यावर मात्र मी सरांकडं गेले. दार लोटलं आणि सगळं सांगितलं. झाकण, सिझियम, शिखर. सरांनी आलेख पाहिले. बराच वेळ पाहिले. मला वाटलं आता ते कोसळतील, निदान ओरडतील. ते म्हणाले, "अगं, हा तर स्वतंत्र निष्कर्ष आहे. घटकाचं प्रमाण बदललं की रचना कशी बदलते, शिखर कसं सरकतं. तू मुद्दाम चार प्रमाणं घेऊन मालिका कर. चांगला पेपर होईल. आधीच्या पेपरला एक छोटी दुरुस्ती जोडू."

"आणि मामा?"

"त्याचं वेगळं आहे," सर म्हणाले. "ठराव झाला ना आता." आणि त्यांनी आलेखांची जुडी माझ्याकडं सरकवली.

मी मालिका केली. चार प्रमाणं, चार काळे थर, शिखर पायरी पायरीनं पलीकडं. हे सगळं काम करताना काचा मीच धुतल्या. पेपर छापून आला. त्याच्या जोरावर मला दुसऱ्या एका कॉलेजात नोकरी लागली. कायम.

खाई त्याला खवखवे म्हणतात. जानेवारीत एका रविवारी मी वैरागच्या एसटीत बसले. सगळ्या रस्ताभर घोकत होते. मामा, मला जूनमध्येच कळलं होतं. बैठकीच्या आधी कळलं होतं. मी बोलले नाही. तीन वाक्यं. अवघड काही नाही.

मामा एका आडत दुकानाची राखण करत होते. मला बघून उठले, घरी घेऊन गेले. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. मामींनी चहा ठेवला. मी चहा यायच्या आतच सांगायला लागले, कारण चहा प्यायल्यावर सांगणं मला जमलं नसतं. म्हटलं, "मामा, तुमचं बरोबर होतं. जुन्या पुडीत दुसरं काहीतरी होतं. त्याच्यामुळंच थर टिकत होता. नवी बाटली चांगली होती. तुम्ही झाकण लावलं होतं."

मामा जमिनीकडं बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजी इरजानच."

"हो मामा. विरजणच."

त्यांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण त्याहून जास्त काहीतरी होतं, आणि ते बघून मला पळून जावंसं वाटलं. त्यांनी विचारलं, "कवा कळलं तुमाला?"

तीन वाक्यं तोंडात तयार होती. गेले सात महिने तयार होती. चुलीपाशी मामी हातातली गाळणी तशीच धरून माझ्याकडं बघत होत्या.

"परवा," मी म्हटलं. "परवाच कळलं, मामा."

त्यांनी मोठा श्वास सोडला. इतका मोठा, की इतके महिने तो त्यांनी धरूनच ठेवला होता असं मला वाटलं. मग मागं वळून म्हणाले, "ऐकलंस का गं? ताईस्नी परवा कळलं. आन् आज लगीच आल्या बग. म्या तुला म्हनत न्हवतो का, ताई तशा न्हाईत म्हनून? त्यास्नी ठावं असतं तर त्या बोलल्याच असत्या."

मामींनी पदरानं डोळे पुसले, मला चहा दिला आणि तो संपल्यावर दुसऱ्यांदा दिला. निघताना पिशवीभर शेंगा दिल्या, नको म्हटलं तरी ऐकेनात. मामा स्टँडपर्यंत सोडायला आले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहून आईची, घरची, नव्या कॉलेजची चौकशी करत राहिले. मी सगळ्याची उत्तरं दिली.